पंचगंगेत पाय घालता आला पाहिजे

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणालाही नुसतं ‘किती फूट?’ एवढं विचारलं तरी पुरतं. समोरचा माणूस पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतो, तीही इंचांसकट. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पाणी पात्राबाहेर पडलं की शिवाजी पुलावर बघायला गर्दी होते. गायकवाड वाड्यापर्यंत आलं, जामदार क्लबपर्यंत आलं, आता सुतारवाड्यातली माणसं हलवायला लागतील, असा हिशेब घराघरांत चालतो. २०१९ साली पातळी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ साली तिनं ५६ फूट ओलांडले, आणि दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. या आकड्यावर आपलं लक्ष असतं ते योग्यच आहे. त्यानं जीव वाचतात.

पाऊस सरतो, बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसतात, पाणी तुंबून राहतं. मग पुढचे सात-आठ महिने त्या पाण्याबद्दल कुणी कुणाला काही विचारत नाही. किती आहे हेही नाही आणि कसं आहे हेही नाही.

मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. पंचगंगेच्या घाटावर गुडघाभर पाण्यात लहान मूल निर्धास्त उभं राहू शकतं का, हा या नदीबद्दलचा पहिला सार्वजनिक प्रश्न असला पाहिजे. आणि पुराची पातळी जशी रोज कळते, तसं याचंही उत्तर लोकांना रोज कळलं पाहिजे.

माझी आज्जी भोगावतीकाठच्या गावातली. तिचं निम्मं रान नदीपल्याड. दसरा होऊन गेला, पाणी निवळलं, की गावात म्हणायचे, ‘नदीला उतार पडला.’ उतार म्हणजे पायी पार होता येईल अशी जागा. आता हा शब्द आपण रस्त्याला वापरतो, वयाला वापरतो, तापाला वापरतो. नदीला वापरणारी माणसं विरळ झाली. मी सात-आठ वर्षांचा असताना तिनं मला पहिल्यांदा त्या उतारावरून नेलं. डोक्यावर भाकरीची बुट्टी, लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, उजव्या हातात कळकाची काठी आणि डाव्या हातात मी. पाणी उजवीकडून येत होतं. काठी ती वरच्या अंगालाच टेकवायची, आणि मला खालच्या अंगाला, स्वतःच्या आडोशाला ठेवायची.

‘पाय उचलू नगंस. घासत न्हे. एक बसू दे, मग दुसरा.’

आधी वाळू लागली, मऊ आणि गार. मग गोटे, त्यांच्यावर शेवाळ. पोटऱ्यांना बारके मासे टोचत होते. मधोमध आल्यावर मी खाली बघितलं आणि सगळी नदी उभी राहून मीच वाहायला लागलो आहे असं वाटलं.

‘पाण्याकडं बघू नगंस, डोळं फिरत्यात. त्या जांभळीकडं बघ. मी धरलोय की तुला.’

पल्याडच्या काठावरची ती जांभळ मला अजून आठवते. तिच्याकडं बघत मी नदी पार केली.

आज्जीला शाळेचं तोंड माहीत नव्हतं, पण तिच्या प्रत्येक सूचनेला भक्कम कारण होतं. माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला की त्याच्या पायांवरचा भार जवळपास निम्मा होतो. अंग हलकं वाटतं ते बरं वाटतं, पण तळव्याची पकडही तेवढीच सुटते. त्यात पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून तिसरा पाय म्हणून काठी, म्हणून घासत चालणं, म्हणून उचललेल्या पायाची भीती. जोरात वाहणारं जेमतेम अर्धा फूट पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं आणि दोन फूट पाणी बहुतेक चारचाकी गाड्या उचलून नेऊ शकतं. तरीही दर पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यावर मोटारसायकल घालणारा कुणीतरी निघतोच. त्याच्या धाडसाचं मला कौतुक वाटत नाही, आणि त्याला मूर्ख म्हणायलाही जीभ वळत नाही. त्याला पाणी कधी पायानं कळलेलंच नाही. माझी आज्जी अशा पाण्यातून कितीदा तरी मागं फिरली असेल. पाय घालायची सवय असलेल्या माणसालाच मागं फिरायची जागा कळते.

आपल्या भाषेनं पाणी मोजलं ते अंगानं. घोटाभर, पोटरीभर, गुडघाभर, मांडीभर, कमरेइतकं, छातीइतकं, गळ्याइतकं, पुरुषभर. विहिरीची खोली आजही आमच्याकडं परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, सांगतात. ज्यानं हे शब्द घडवले तो माणूस काठावर उभा राहून पाण्याकडं बघणारा नव्हता, आत उतरलेला होता. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात विश्वामित्र आणि नद्यांचा संवाद आहे. विपाश आणि शुतुद्री, म्हणजे आजच्या बियास आणि सतलज. विश्वामित्राला गाड्या घेऊन पलीकडं जायचं आहे. तो नद्यांना म्हणतो, जरा वाका, सहज पार होता येईल अशा व्हा, गाडीच्या आसाच्या खाली राहा. नद्या आधी नाही म्हणतात, मग ऐकतात. इतकी जुनी प्रार्थना, आणि ती पुलासाठी नाही, उताराची आहे.

उतार ओळखण्यावर राज्यं तरली आणि बुडाली. १७६० च्या ऑक्टोबरात यमुना भरून वाहत होती. अब्दाली पलीकडच्या काठाला अडकला आहे, पाणी ओसरेपर्यंत तो इकडं येत नाही, या भरवशावर मराठी फौज उत्तरेला कुंजपुऱ्याकडं गेली. कुंजपुरा जिंकलं. तेवढ्यात अब्दालीनं बागपतजवळ यमुना पार केली. त्याची माणसं वाहून गेली, तरी फौज अलीकडं आली आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता तुटला. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे झालं त्याची कारणं पुष्कळ आहेत, त्यावर आपण पिढ्यान् पिढ्या बोलत आलो. मला त्यात बागपतचं गुडघ्या-कमरेचं पाणी नेहमी दिसतं.

चित्रकारांनाही हे कळलं होतं. नुसतं पाणी काढलं तर ते किती खोल आहे हे दिसत नाही, त्यात माणूस उभा करावा लागतो. टोपलीत कृष्णाला घेऊन यमुनेतून चाललेला वसुदेव आपण सगळ्यांनी लहानपणी कुठल्या ना कुठल्या भिंतीवर पाहिलेला असतो. पाणी गळ्याशी येतं, बाळाचा पाय लागतो आणि नदी उतरते. कीर्तनात हा प्रसंग आला की आजही बायका हात जोडतात. आणि तिकडं दूर हॉलंडमध्ये रेम्ब्रांटनं १६५४ साली ओढ्यात उतरलेली एक बाई रंगवली. अंगातला सैल सदरा तिनं मांड्यांपर्यंत उचलून धरला आहे, पाणी पोटऱ्यांना लागलं आहे आणि ती खाली पाण्याकडं बघते आहे. देव नाही, राजा नाही, प्रसंग नाही. पुढचं पाऊल टाकायच्या आधीचं एका बाईचं थांबणं, एवढंच. ते चित्र मी छापील पाहिलं तेव्हा मला आज्जीचा काष्टा आठवला. आपल्या आबालाल रहिमानांनी रंकाळा आणि पंचगंगेचा घाट किती जीव लावून रंगवला! ते पाणी बघताना त्यात पाय सोडून बसावंसं वाटतं.

घाटाबद्दल मला विशेष सांगायचं आहे, कारण माझ्या मते घाट ही आपल्या लोकांनी केलेली फार मोठी युक्ती आहे. नदी रोज वेगळ्या उंचीवर असते. वैशाखात ती खाली असते, आषाढात वर चढते. पायऱ्या अशा बांधल्या की पाणी कुठंही असो, कुठली तरी एक पायरी घोटाभर पाण्यात, तिच्या खालची पोटरीभर, त्याखालची गुडघाभर असणारच. म्हातारीला पहिली पुरते, पोरांना तिसरी लागते, पोहणारा सरळ खाली जातो. घाट म्हणजे दगडात बांधलेला उतार. तो देवळाच्या शोभेसाठी बांधलेला नाही, पाय घालण्यासाठी बांधलेला आहे.

निसर्गातही हेच चालतं. रंकाळ्याच्या किंवा कळंब्याच्या तलावाकाठी हिवाळ्यात सकाळी तासभर बसा. तुतवार अगदी कडेच्या चिखलात टिपत फिरतो. शेकाट्या त्याच्या लांब गुलाबी पायांवर जरा आत उभा असतो. बगळा त्याहून आत. ज्याची त्याची तंगडी, ज्याचं त्याचं पाणी; म्हणून एकाच काठावर एवढ्या जाती भांडणाशिवाय पोट भरतात. या सगळ्याला एक गोष्ट लागते, हळूहळू खोल होत जाणारा काठ. नदीच्या सुशोभीकरणाच्या नावाखाली जेव्हा सरळ उभ्या भिंतीचा विचार कुणी मांडतं, तेव्हा मला हे पक्षी आठवतात. भिंतीच्या बाजूला एक तर कोरडं असतं, नाही तर बुडण्याइतकं खोल. मधलं गुडघाभर काही उरतच नाही. फिरायला फरसबंदी, बसायला बाकडी, रात्री दिवे, आणि नदी खाली दहा फुटांवर कठड्यापलीकडं. अशी नदी नुसती बघायची राहते. आणि जी नुसती बघायची असते तिचं काय होतं, हे आपण शहरात सगळीकडं बघतोच आहोत.

मुळात पंचगंगेची अडचण काठाची नाही, पाण्याची आहे. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच जणी एकत्र येतात आणि तिथून सुमारे ८० किलोमीटर वाहत पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या एवढ्या अंतरात तिला काय काय मिळतं हे इथल्या कुणाला नव्यानं सांगायला नको. जयंती नाला, दुधाळी नाला, गावागावांचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, इचलकरंजीच्या कापडधंद्याचं रंगीत पाणी. बरगे घातल्यावर हे सगळं पाठीमागं साठतं. जलपर्णी माजते. उन्हाळ्यात मासे पोट वर करून तरंगतात आणि दोन दिवस बातमी होते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका संध्याकाळी घाटाच्या पायरीवर पाय सोडून बसलो, पाच-दहा मिनिटंच. पुढचे चार दिवस पोटऱ्यांना खाज आणि पुरळ. तेव्हापासून मीही कोरड्या पायरीवर बसतो, आणि दरवेळी त्याची लाज वाटते.

आता यात एक नवी गोष्ट घडली आहे, आणि तिच्याकडं फारसं कुणाचं लक्ष नाही. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईननं पाणी कोल्हापुरात आलं. किती वर्षांची मागणी होती, किती आंदोलनं झाली. ते पाणी आलं याचा आनंद मलाही झाला. पण शहर जोपर्यंत पंचगंगेचं पाणी पीत होतं तोपर्यंत ती नासली तर आपल्या पोटात जाईल ही भीती तरी होती. ती भीती आता संपत चालली आहे. खालच्या अंगाला इचलकरंजी दुसऱ्या नदीचं पाणी मागते आहे आणि त्यावरून तालुक्या-तालुक्यांत वाद आहेत. असं एकेक शहर दूरच्या धरणाला नळी जोडून घेईल, मग जवळच्या नदीची काळजी कोण घेईल? शिरोळ तालुक्यातली जी गावं अजून तिच्यावरच अवलंबून आहेत त्यांनी कुणाकडं बघायचं? प्यायचं नातं सुटलं तर दुसरं एखादं नातं राहिलं पाहिजे. माझ्या समजुतीप्रमाणं ते पायाचंच आहे.

आणि ते नातं लोकांनी सोडलेलंही नाही. नृसिंहवाडीला पूर येतो, पाणी देवळात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं. त्या दाराशी स्नान करायला माणसं कुठून कुठून येतात. चढता दक्षिणद्वार, उतरता दक्षिणद्वार असे दोन सोहळे, दोन्हींना गर्दी. कमरेइतक्या गढूळ पाण्यात एकमेकांचे हात धरून उतरलेली ती माणसं पाहिली की त्यांच्या श्रद्धेपुढं मान लवते. पण त्या पाण्यात वरच्या दोन शहरांनी काय सोडलं आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पादुकांवरून येणारं पाणी तरी स्वच्छ असावं, एवढी लाज आपण वरच्या लोकांनी बाळगायला नको का?

पाण्यात उतरणं नेहमीच चांगलं होतं, असा भाबडा दावा मी करणार नाही. आपल्या गावागावांत नारू होता. पायऱ्यांच्या विहिरीत नारूचा रोगी उतरायचा, पायाच्या फोडाला गार पाणी लागलं की हातभर, दोन हात लांबीचा तो जंत पिल्लं पाण्यात सोडायचा, ती बारीक पाणकिड्यांच्या पोटात जायची आणि तेच पाणी गाव प्यायचं. तिथं लोकांना पायऱ्या उतरण्यापासून थांबवणं हाच उपाय होता. विहिरी बांधून घेतल्या, हातपंप आले, पाणी गाळायचं फडकं घरोघरी गेलं. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पुराच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोची भीती असते हेही खरं आहे. उंदरांच्या, जनावरांच्या मुतातले जंतू पायाच्या बारक्या जखमेतून आत जातात. पूर ओसरल्यावर गोळ्या घ्या असं डॉक्टर सांगतात ते ऐकलंच पाहिजे. पण नारूच्या गोष्टीत मला दुसरंच काही दिसतं. पाय आणि पाणी यांचा संबंध नेमका कुठं बिघडला आहे हे लोकांना समजावून सांगितलं, तर खेड्यातला माणूस वर्षानुवर्षांची सवय बदलतो. त्याला फक्त खरं सांगावं लागतं.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. सरकारी मोजमाप आधीच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत ‘ब’ वर्ग म्हणजे उघड्यावर स्नान करण्याजोगं पाणी. लिटरमागं विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना खाते तो ऑक्सिजन, ३ मिलिग्रॅम किंवा कमी, १०० मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जंतू ५०० किंवा कमी. हे कागदावर आहे, अहवालात आहे, कोर्टाच्या फायलीत आहे. घाटावर नाही. ते घाटावर आणा. प्रयाग चिखली, पंचगंगा घाट, इचलकरंजी आणि नृसिंहवाडी, एवढ्या चार ठिकाणी एकेक फळा लावा. ऑक्सिजन मीटर बुडवला की लगेच कळतो. जंतूंच्या तपासणीला दिवस-दोन दिवस लागतात, तर परवाचा आकडा लिहा. खाली मोठ्या अक्षरात मराठीत एक वाक्य, आज पाण्यात उतरावं की उतरू नये.

यानं नदी साफ होणार का, असं मला एका मित्रानं विचारलं. नुसत्या फळ्यानं नाही होणार. नाले अडवावे लागतील, प्रक्रिया केंद्रं खरोखर चालवावी लागतील, रंगाचं पाणी सोडणाऱ्याला दंड बसावा लागेल. पण हे सगळं कशासाठी, याचं माप लोकांच्या हातात नसलं की योजना येतात, निधी येतो, उद्घाटनं होतात आणि नदी आहे तशीच राहते. इतके दशलक्ष लिटर पाण्यावर प्रक्रिया झाली हे वाक्य मला तपासता येत नाही. माझ्या नातवाला पाय घालता येतो की नाही, हे येतं. पॅरिसमध्ये सीन नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. त्यांनीही नदीत लोकांनी पोहावं हेच माप समोर ठेवलं, त्यासाठी वर्षानुवर्षं गटारांवर काम केलं, आणि जुलै २०२५ मध्ये नदीत तीन जागा सगळ्यांसाठी खुल्या केल्या. तिथं जोराचा पाऊस झाला आणि पाणी बिघडलं की त्या जागा बंद करतात, आणि तसं लोकांना सांगतात. त्यांच्याकडं पैसा जास्त आहे हे मान्य. पण आपल्याकडं घाट आहे, आणि पातळी विचारायची सवय आहे. राजाराम बंधाऱ्याचा आकडा तोंडपाठ ठेवणाऱ्या शहराला आणखी एक आकडा जड जाणार नाही.

कदाचित पहिली दोन-तीन वर्षं त्या फळ्यावर एकच ओळ राहील, ‘आज पाण्यात उतरू नये.’ राहू दे. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे हजारो पणत्या घेऊन आपण सगळे घाट उतरतो, तेव्हा पणत्यांच्या उजेडातही वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात ती लिहावी.